जुआकीं आगुश्तिन्यु: पंचविशीत पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि छत्तिसाव्या वर्षी आल्प द्युएझ जिंकला

मांडवीकाठ

परवा आमच्या सायकलग्रुपवर वाद रंगला की पोर्तुगालचा आजवरचा सगळ्यात मोठा रोड सायकलपटू कोण. तरुण मंडळींनी जुआंव आल्मेय्दाचं नाव घेतलं. २०२३ च्या जिरोत (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) तिसरा, २०२५ च्या व्हुएल्तात (तशीच स्पेनची) दुसरा, म्हणजे नाव काही वावगं नाही. एकाने २०१३ चा विश्वविजेता रुई कोश्ता पुढे केला. आगुश्तिन्युचं नाव मात्र एकालाही आठवलं नाही. सासष्टीत वाड्यागणिक एक आगुस्तीन सापडतो, आणि तिथल्याच लोकांची ही तऱ्हा! टूर द फ्रान्सच्या पोडियमवर उभा राहिलेला आजवरचा एकमेव पोर्तुगीज म्हणजे हा बाबा, तोही दोनदा. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की लोक अंगठा टेकवून पुढे सरकतात, म्हणून इथे धागा काढतोय.

जन्म ७ एप्रिल १९४३, लिस्बनच्या उत्तरेला तोर्रश व्हेद्रशजवळच्या खेड्यात. तो सगळा द्राक्षमळ्यांचा मुलूख. वयात आल्यावर सक्तीची लष्करी नोकरी. गोवा १९६१ ला सुटला, पण आफ्रिकेतल्या वसाहती सालाझारने सोडल्या नव्हत्या आणि १९६४ पासून मोझांबिकमध्ये युद्ध पेटलं होतं. याची रवानगी तिकडे झाली. तिथे लष्कराच्या धूड सायकलवरून निरोप पोचवायचं काम त्याच्याकडे असे. गोष्ट अशी सांगतात की ज्या ५० किलोमीटरला बाकीच्यांना पाच तास लागत, ते हा दोन तासांत उरकायचा आणि त्यावरून वरिष्ठांच्या लक्षात आलं की हे पाणी वेगळं आहे. सांगणाऱ्यांनी आकड्यांना तिखटमीठ लावलं असेल. पण पुढे युरोपातल्या पट्टीच्या चढवय्यांना त्याने जसं घामाघूम केलं, ते पाहता माझा तरी विश्वास बसतो.

परतल्यावर १९६८ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडून तो शर्यतीत उतरला. (आपल्याला स्पोर्टिंग म्हटलं की फुटबॉलच आठवतो, पण त्या क्लबची सायकलची परंपराही जुनी आहे.) वय पंचवीस. त्याच वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढची पाच वर्षं ते पद त्याने कुणाला मिळू दिलं नाही. जाँ द ग्रिबाल्दी नावाचा एक फ्रेंच संघचालक होता. इतरांनी न हेरलेली माणसं हुडकण्यात त्याचा हातखंडा. पुढे आयर्लंडच्या शॉन केलीला व्यावसायिक सायकलिंगमध्ये आणणाराही हाच. त्याने आगुश्तिन्युला फ्रान्सला नेलं. १९६९ च्या पहिल्याच टूरमध्ये दोन टप्पे जिंकले आणि सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत आठवा आला. तेच ते वर्ष जेव्हा एडी मेर्क्सने पहिल्यांदा टूर मारली आणि बाकी सगळ्यांना धुळीला मिळवलं.

आता माझा मुद्दा. ताकदीच्या बाबतीत हा माणूस त्या पिढीत कुणाला हार जाणारा नव्हता. धडधाकट शरीर, रुंद खांदे, चढावर सडपातळ पोरांसोबत जाणारा. कमी पडलं ते एकच. घोळक्यात सायकल चालवायचं अंगवळणी पडायला हवं ते वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि याचं ते वय तसंच निघून गेलं. दीडशे-पावणेदोनशे सायकली ताशी ५० च्या वेगाने, पुढच्याच्या मागच्या चाकात आणि आपल्या पुढच्या चाकात वीतभर अंतर. फेरीबोट धक्क्याला लागल्यावर फळी पडायच्या आत दुचाक्या जशा एकमेकांना खेटून सुटतात तसं, पण सलग पाच तास. त्यात कुठे शिरायचं, वारा कुठल्या बाजूने आहे, वळणाआधी पुढच्या वीसात कसं राहायचं, हे विचार करून जमत नाही. आगुश्तिन्यु एक तर मागे राहून ताकद फुकट घालवायचा, नाही तर पडायचा. त्याच्या पडण्याची तेव्हा ख्यातीच होती. एवढं असून तेरा वेळा टूरमध्ये उतरला आणि त्यातल्या बारा पूर्ण केल्या.

१९७४ च्या व्हुएल्तात तो स्पेनच्या होजे मानुएल फुएन्तेच्या मागे दुसरा आला. अंतर किती? ११ सेकंद. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ११ सेकंद! एक बाटली उचलताना झालेला घोळ, एक चुकलेलं वळण, एवढंच.

१९७८ ला टूरमध्ये तिसरा, १९७९ ला पुन्हा तिसरा. दोन्ही वेळेला पुढे बर्नार हिनो आणि योप झूटेमेल्क. १९७९ चा फरक पाहा: हिनोच्या मागे तब्बल २६ मिनिटं ५३ सेकंद. म्हणजे जिंकण्याच्या जवळपासही नव्हता. पण त्याच टूरमध्ये १५ जुलैला आल्प द्युएझचा टप्पा त्याने एकट्याने पुढे निघून मारला. २१ वळणं, जवळजवळ १४ किलोमीटरचा चढ, आणि वय ३६. त्या घाटाच्या वळणांवर विजेत्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. चौदाव्या वळणावर याचं ब्राँझमधलं स्मारकही उभं आहे.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ते बहुतेकांना ठाऊक असेल. आगुश्तिन्यु म्हणजे घाटाचा राजा, पण पुण्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर त्याचं राज्य राहायचं नाही. असं माझं मत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अबोली_कुंकळ्ळी

मस्त लिहिलंय. सायकलिंगमधलं मला पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलपलीकडे काही कळत नाही, म्हणून दोन बाळबोध प्रश्न. एक, माणूस सगळ्यात ताकदवान असेल तर घोळक्यात शिरायचंच कशाला, पहिल्यापासून पुढे का नाही जायचं? दोन, २६ मिनिटांनी हरलेला माणूस वर्षानुवर्षं पगार घेतो तो कसला?

मांडवीकाठ

अबोलीताई, प्रश्न मुळीच बाळबोध नाहीत. सगळा धंदा या दोन प्रश्नांवरच उभा आहे.

पहिल्याचं उत्तर वारा. सपाटीवर जोरात जाताना तुमची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे नीट लपलात तर तीस टक्के किंवा त्याहून जास्त कष्ट वाचतात. एकटा पुढे गेलेला राक्षस असला तरी मागे शंभर जण आळीपाळीने ओढत असले की त्याला गिळणारच. चढावर वेग कमी, म्हणून वाऱ्याचा फायदाही कमी. तिथे माणूस उघडा पडतो, आणि म्हणूनच आगुश्तिन्युचे चांगले दिवस डोंगरातले.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे संघ. पूर्वी टूरमध्ये संघात नऊ जण असायचे, २०१८ पासून आठ. त्यातला एखाददुसराच जिंकायला आलेला असतो. उरलेल्यांचं काम म्हणजे पुढाऱ्याला वाऱ्यापासून आडोसा देणं, मागे गाडीपर्यंत जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून परत पुढे येणं, पुढाऱ्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देणं. यांना फ्रेंचमध्ये दोमेस्तीक म्हणतात, सरळ घरगडी. पगार प्रायोजक देतो, कारण जर्सीवर त्याचं नाव रोज पाच तास टीव्हीवर दिसतं. आगुश्तिन्यु ज्या संघांतून खेळला त्यात एक बिक होता, तोच पेनवाला, आणि एक फ्लांड्रिया, बेल्जियमचा सायकल बनवणारा. बक्षिसाची रक्कम तुलनेने किरकोळ असते. आजही टूर जिंकणाऱ्याला पाच लाख युरो आणि एका टप्प्याला ११ हजार. तेही रिवाजाप्रमाणे सगळ्या संघात, मालिशवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत वाटलं जातं.

फोंडेकर

लेख छान, पण एक गोष्ट अलगद वगळलीय. हा तुमचा बाबा उत्तेजक चाचणीत सापडलेला आहे. १९६९ मध्ये आणि १९७३ मध्ये पोर्तुगालच्या व्होल्तात (त्यांची देशभराची शर्यत), आणि १९७७ ला खुद्द टूरमध्ये. सेंत-एतिएनचा टप्पा त्याने पहिला येऊन मारला आणि मग नाव कापलं. दुसरा आलेलाही सापडला, त्यामुळे त्या टप्प्याला आजही विजेता नाही, रकाना रिकामा. पुतळे उभारताना हे कुणी लिहीत नाही. आपल्याकडे एखाद्या नॅशनल लेव्हलच्या पोरावर 'नाडा'ची (उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी आली की गावात त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि यांच्यासाठी ब्राँझ.

मांडवीकाठ

वगळलं हे खरं, आणि तुम्ही आणलंत ते बरंच केलंत. पण त्याच काळाचं बाकी चित्रही मांडा ना. १९७८ ला आल्प द्युएझवर बेल्जियमचा मिशेल पोलंतिए जिंकला, एकूण आघाडीची पिवळी जर्सी अंगावर चढली, आणि चाचणीला गेल्यावर काखेत दुसऱ्याच्या लघवीची पिशवी आणि नळी सापडली! हाकलला. त्या वर्षी आगुश्तिन्यु तिसरा आला त्यात या प्रकरणाचा वाटा आहेच. १९७९ ला दुसऱ्या आलेल्या झूटेमेल्कचीही चाचणी सदोष निघाली. शिक्षा काय? दहा मिनिटांचा दंड. दुसरा नंबर तसाच राहिला. पुढच्या वर्षी त्याने टूर जिंकली.

फोंडेकर

म्हणजे सगळेच न्हाले, त्यात हा पण? पटलं नाही. चोर चोर मावसभाऊ म्हणून कुणी साव ठरत नाही. असो, धाग्याचं काश्मीर करत नाही. वाचतोय.

वास्कोचे_काका

मी लहानपणी लोरेंसु मार्कीशमध्ये होतो, आताचं मापुतो. वडील रेल्वेत. तिथे आम्हा गोंयकारांची मोठी वस्ती होती, आणि १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर जे आफ्रिकार परत आले त्यांत आम्हीही. आगुश्तिन्यु हे नाव तिथे घराघरात. तो पोर्तुगालहून आलेला असला तरी तिथले लोक 'आमच्या मातीत चाकं फिरवायला शिकला' असं हक्काने सांगत. टूरच्या दिवसांत वडील जेवणाच्या टेबलावर रेडिओ ठेवत आणि आम्हा पोरांना बोलायची बंदी. फ्रेंच गावांची नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथे ऐकली. आईला या सगळ्याचा वैताग. ती मराठीत पुटपुटायची की कोण कुठचा सायकलवाला आणि भात माझा थंड होतोय.

मांडवीकाठ, शेवट लिहिला नाहीत तुम्ही. नव्या पिढीला तो ठाऊक असायला हवा.

मांडवीकाठ

काका, मुद्दाम बाजूला ठेवला होता. लिहितो.

१९८४. वय ४१. टूर करून झाल्या होत्या, आता पुन्हा स्पोर्टिंगची जर्सी. एप्रिलअखेर व्होल्ता आउ आल्गार्व्ह, दक्षिण पोर्तुगालच्या किनाऱ्यावरची छोटी शर्यत, आणि त्यात हा आघाडीवर. ३० तारखेला क्वार्तैराच्या समाप्तीरेषेपासून जेमतेम ३०० मीटरवर एक कुत्रा रस्त्यात आला. आगुश्तिन्यु त्यावर आदळून डोक्यावर पडला. हेल्मेट नव्हतं, तेव्हा फारसं कुणी घालत नसे. तरीही उठला, परत सायकलवर बसला आणि साथीदारांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला रेषेपार नेलं. पहिले काही तास त्याचं त्यालाही गांभीर्य कळलं नसावं. कवटीला तडा गेला होता. लिस्बनला नेलं, शस्त्रक्रिया झाल्या, पण शुद्ध आली नाही. १० मे रोजी गेला.

याच दिवसांत तिकडे स्पेनमध्ये व्हुएल्ता चालू होती आणि ग्रिबाल्दीच्या संघातला एरिक कारितू हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला फ्रेंच पोरगा ती सहा सेकंदांनी जिंकला. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींतला आजवरचा सगळ्यात कमी फरक. ज्याने आगुश्तिन्युला फ्रान्सला आणलं त्या ग्रिबाल्दीच्या पदरात व्हुएल्ता पडली ती या आठवड्यात.

हेल्मेटची सक्ती व्हायला मात्र २००३ साल उजाडलं. कझाकस्तानचा आंद्रेइ किविलेव्ह पॅरिस-नीस शर्यतीत पडून वारला तेव्हा. १९९१ ला सक्ती करू पाहिली तर खेळाडूंनीच संप केला होता, गरम होतं म्हणून.

चोर्लाप्रेमी

कुत्र्याचं वाचून अंगावर काटा आला. रायबंदरच्या बांधावर पहाटे साडेपाचला जे लोक सायकल काढतात त्यांना सांगायला नको.

टूरमध्येही हे चालूच असतं. २००७ ला जर्मनीचा मार्कुस बुर्गहार्ट एका धिप्पाड लॅब्राडोरवर आपटला, पुढचं चाक दुमडून गेलं, कुत्रा शांतपणे निघून गेला. त्याच टूरमध्ये सँडी कासार कुत्र्यामुळे पडला, खरचटलेल्या ढुंगणाने उठला आणि तो टप्पा जिंकला!

नव्यांसाठी: कुत्रा मागे लागला तर जोर लावून पळू नका, तो तुमच्यापेक्षा चपळ आहे. लाथ तर अजिबात नको, तोल तुमचाच जातो. वेग कमी करा, मोठ्याने ओरडा, फारच झालं तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. ग्रुपमध्ये असाल तर पुढच्याने 'कुत्रो!' अशी हाक देऊन हात बाजूला करायचा आणि मागच्यांनी ब्रेकवर झडप घालायची नाही. निम्मे अपघात कुत्र्याने नाही, पुढच्याच्या ब्रेकने होतात.

आता मूळ मुद्द्याबद्दल. उशिरा सुरुवात केली म्हणून राहिला, हे मला मान्य नाही. प्रिमोझ रोग्लिचचं काय? तो विशीपर्यंत स्की जंपिंग करत होता. चार व्हुएल्ता, २०२३ चा जिरो, टोकियोला टाइम ट्रायलचं सुवर्ण.

मांडवीकाठ

रोग्लिचने तर माझीच बाजू भक्कम केली! चार व्हुएल्ता, एक जिरो, आणि टूर? शून्य. २०२० ला शेवटून दुसऱ्या दिवशी त्याच्याच स्लोव्हेनियाच्या पोगाचारने पिवळी जर्सी ओढून घेतली, ती एकट्याने करायच्या टाइम ट्रायलमध्ये, हे तुमच्या बाजूने धरा. पण २०२१, २०२२, २०२४, तिन्ही वर्षी पडून टूर सोडावी लागली. टूरचा घोळका सगळ्यात घाबरलेला आणि सगळ्यात दाटीचा असतो. उशिरा आलेल्याची परीक्षा तिथेच होते.

चोर्लाप्रेमी

पडणं हे नशीबही असतं हो. रस्त्यावर एक टाळकं हातात पाटी धरून उभं राहतं आणि शंभर जण आडवे होतात, त्यात कोण कितव्या वर्षी शिकला याला काय अर्थ?

मांडवीकाठ

त्या दिवशी पहिल्या दहात असलेले सहसा आडवे होत नाहीत. तिथे कसं राहायचं हेच तर शिकायचं असतं.

कुळागर

मी सत्तरीतला. सायकलचा माणूस नाही, बागायतीचा. पण माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि घरात दोन वर्षं याशिवाय विषय नाही. केरीहून चोर्ला चढतो, परत येतो, मोबाइलवर वेळ दाखवतो. त्याला व्यावसायिक सायकलपटू व्हायचंय. आई म्हणते आधी बारावी. धाग्यात 'सोळा-सतरा' हा आकडा वाचला आणि राहवलं नाही. भारतातून हे होतं का? खरं सांगा, पोराचं मन राखायला नको.

मांडवीकाठ

कुळागरबाब, खरं सांगतो. रस्त्यावरच्या सर्वोच्च पातळीवर, म्हणजे ज्या १८ वर्ल्डटूर संघांभोवती हा सगळा खेळ फिरतो तिथे, वाट फार अवघड आहे. पण कशी असते ते ठाऊक असू द्या.

१७-१८ वर्षांचे ज्युनियर, १९ ते २२ अंडर-२३. मोठ्या संघांचे आता स्वतःचे विकास-संघ असतात आणि ते ज्युनियर वयातच पोरं उचलतात. म्हणजे आगुश्तिन्युसारखं पंचविशीत हेरलं जायचे दिवस जवळजवळ संपले. बाहेरच्या देशांसाठी एक दार म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावचं जागतिक सायकलिंग केंद्र. एरिट्रियाचा बिनिआम गिरमाय अस्माराहून तिथे गेला, मग एका लहान फ्रेंच संघात, तो संघ डबघाईला आल्यावर बेल्जियमच्या संघात, आणि २०२४ ला टूरचे तीन टप्पे जिंकून सगळ्यात जास्त गुणांची हिरवी जर्सी घेऊन घरी. पण एरिट्रियात गावोगाव शर्यती होतात हे विसरू नका. इटालियनांनी नेलेली सायकल तिथे राष्ट्रीय खेळ झाली. पोर दर रविवारी घोळक्यात लढूनच मोठं होतं.

आपल्याकडे पैसा आणि प्रशिक्षण जास्त करून ट्रॅकवर आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमच्या वेलोड्रोमवर तयार झालेल्या पोरांनी २०१९ ला ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं. त्यात अंदमानचा एसो अल्बेन होता. रोडवर नवीन जॉन आणि अरविंद पनवार २०१६ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत टाइम ट्रायलला उतरले. नवीन तर अमेरिकेत कॉलेजात असताना सायकलीला लागला, म्हणजे उशिराच.

तुमचा मुलगा चोर्ला कितीही वेगाने चढो, एकटा चढतोय तोवर अर्धंच शिकतोय. त्याला शर्यती हव्यात. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, जिथे मिळतील तिथे.

अबोली_कुंकळ्ळी

आणि बारावी?

फोंडेकर

बारावी करायचीच. या धंद्यात एका पडण्यात कॉलरबोन आणि करार दोन्ही जातात. वहिनींना माझा पाठिंबा कळवा. आणि मुलाला सप्लिमेंटच्या नावाखाली कुणी पुड्या दिल्या तर घेऊ नको म्हणून आत्ताच सांगून ठेवा. जिममध्ये मिळणाऱ्या डब्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि चाचणीत सापडतं पोर. हे आगुश्तिन्युवरचं माझं शेवटचं.

वास्कोचे_काका

फोंडेकरांशी पहिल्यांदाच सहमत.

कुळागर

सगळ्यांचे आभार. मुलाला धागा वाचायला दिला. त्याने आधी कुत्र्याचा भाग वाचला आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, एवढं तरी झालं. ग्रुपमध्ये चालवायला कुठे पाठवू? आमच्या भागात त्याच्या वयाचं कुणी नाही.

चोर्लाप्रेमी

आम्ही रविवारी साखळीच्या बसस्टँडपाशी जमतो, पहाटे पाचला. त्याला पाठवा, पहिल्या दिवशी तुम्हीही गाडी घेऊन मागे या. दोन बाटल्या, एक जादा ट्यूब, मागचा लाल दिवा, आणि कानात काहीही घालायचं नाही. पहिला महिना घाटात जायचं नाही, सपाटीवर माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं. त्याला पसंत पडणार नाही, आधीच सांगतो.